जैसलमेरच्या वाळूवरचा सूर्योदय: २४ जणांना घेऊन जायचं तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या तुमच्या सोसायटीतले २४ जण डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात राजस्थानला निघाले आहेत. सगळ्यांत लहान ९ वर्षांची मुलगी, सगळ्यांत मोठ्या ७२ वर्षांच्या आजी. जैसलमेरजवळ वाळवंटातल्या तंबूत एक रात्र मुक्काम आहे. टूरवाल्यांनी कार्यक्रमात उंटाची सफर आणि सूर्यास्त दिला आहे, सूर्योदय नाही. विचारलं तर म्हणाले, ‘सकाळी कोणी उठत नाही, आणि सूर्य तोच असतो.’ तुम्हाला मात्र सूर्योदयच बघायचा आहे, तोही सगळ्यांना घेऊन. म्हणून तुम्ही विचारलंय: जैसलमेरजवळच्या वाळूच्या टेकड्यांच्या दोन ठिकाणांपैकी सम बरं की खुरी, उठायचं किती वाजता, आणि आजींना न्यावं की तंबूतच राहू द्यावं?

मी बरीच वर्षं मराठी गट घेऊन पश्चिम राजस्थानात जाते. गटात सगळ्या वयाची माणसं असतात, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलीसुद्धा. त्या अनुभवावरून आधीच सांगते, सूर्योदय कार्यक्रमात घालाच. सूर्यास्ताला वाळूवर जत्रा असते. जीप, उंट, चहावाले, ढोलकी, फोटोवाले सगळे एकाच वेळी एकाच पश्चिमेकडे तोंड करून उभे असतात. सकाळी त्याच वाळूवर तुम्ही आणि फार तर चार-दोन माणसं असतात. वाळवंट म्हणून जे काही असतं, ते तेव्हाच भेटतं.

पण सम की खुरी हा तुमचा खरा प्रश्न नाही. रात्री उशिरा झोपलेली, गारठलेली, एकमेकांसाठी खोळंबणारी २४ माणसं अंधारात, वाट नसलेल्या वाळूतून, वेळेआधी योग्य जागी कशी पोचतील आणि तिथे शांत कशी बसतील, हा खरा प्रश्न आहे. हे सकाळी उठून ठरवता येत नाही. वाळवंटातला सूर्योदय जमणार की फसणार, ते आदल्या संध्याकाळीच ठरून जातं. पुढे जे लिहिते आहे, त्यातलं बरंचसं म्हणूनच संध्याकाळच्या कामांबद्दल आहे.

जे आपल्या हातात नाही ते आधी सांगून टाकते. डिसेंबरअखेर तिथलं आकाश बहुतेक वेळा निरभ्र असतं, पण क्षितिजालगत धुळीचा किंवा धुक्याचा पातळ थर असतो. त्यामुळे सूर्य अगदी वाळूच्या रेषेतून वर येताना दिसेल असं नाही. पुष्कळदा तो त्या थरातून थोडा वर आल्यावरच दिसायला लागतो. उत्तरेत हिवाळी पावसाचं वातावरण असेल तर जैसलमेरलाही ढग येतात, आणि तुमच्याकडे तर एकच सकाळ आहे. म्हणून गटाला ‘सूर्य बघायला चाललोय’ असं सांगू नका, ‘वाळवंटात पहाट बघायला चाललोय’ असं सांगा. ढग असले तरी पहाट होतेच, आणि ती बघण्यासारखी असते. यात शब्दांचा खेळ नाही. सूर्य वर यायच्या आधीचा अर्धा तास आणि नंतरचा अर्धा तास मिळून तो अनुभव आहे. प्रत्यक्ष उगवण्याचा क्षण त्यातला अगदी लहान तुकडा.

आता वेळ. जैसलमेर नाशिकच्या पश्चिमेला आहे आणि बरंच उत्तरेलाही. हिवाळ्यात या दोन्ही गोष्टींमुळे तिथे सूर्य उशिरा उगवतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नाशिकला साधारण सात-पाचला उगवत असेल, तर जैसलमेरला साडेसातच्या आसपास. त्यामुळे पहाटे चारला उठायची गरज नाही. पावणेसहाला उठलात तरी चालतं, आणि हे गटाला आदल्या दिवशीच सांगा. ‘सूर्योदय’ म्हटलं की माणसं साडेतीनच्या गजराची कल्पना करून आधीच कंटाळतात. उजाडायला सुरुवात मात्र सूर्योदयाच्या बरीच आधी होते. सात वाजून पाच मिनिटांच्या सुमारास टॉर्चशिवाय पायाखालचं दिसू लागतं. तुम्ही पावणेसातला जागेवर बसलेले हवेत.

बसायची जागा संध्याकाळी शोधायची. तंबूत दुपारी तीनपर्यंत पोचा. सामान टाकून चहा झाला की गटातले दोन-तीन धडधाकट लोक आणि कॅम्पवरचा एखादा स्थानिक मुलगा एवढ्यांनी चालत निघायचं. बाकीचे हवं तर उंटावर जातील. या दोन-तीन जणांनी सूर्यास्ताऐवजी सूर्योदयाची टेकडी बघायची आहे. डिसेंबरअखेर तिथे सूर्य नेमका पूर्वेला उगवत नाही, पूर्वेपासून दक्षिणेकडे पंचवीस अंशांहून जास्त सरकलेला असतो. म्हणजे जवळजवळ आग्नेयेला. फोनमधलं होकायंत्र उघडा आणि त्या दिशेला काय आहे ते बघा. तंबूंची रांग, विजेचे खांब, कॅम्पचे पिवळे दिवे समोर नकोत. जैसलमेरच्या आसपास पवनचक्क्या बऱ्याच आहेत, अंधारात त्यांचे लाल दिवे लुकलुकतात. त्या पूर्ण टाळता येतीलच असं नाही, पण समोर एकापाठोपाठ एक दोन-तीन टेकड्यांचे माथे दिसतील अशी जागा मिळाली तर ती घ्या.

दुसरी गोष्ट चढण्याची, आणि आजींचं उत्तर इथेच आहे. वाळूच्या टेकडीला दोन बाजू असतात. ज्या बाजूनं वारा येतो तिकडचा उतार लांब आणि सौम्य असतो, साधारण दहा-पंधरा अंशांचा, आणि तिथली वाळू वाऱ्यानं दाबली गेल्यामुळे घट्ट असते. माथ्यावरून पलीकडे पडणारी वाळू मात्र सैल असते. कोरडी वाळू चौतीस अंशांच्या आसपासच तग धरते, त्याहून चढ तीव्र झाला की घसरायला लागते. म्हणून आडोशाची बाजू कायम त्या उतारावरच टेकलेली असते. तिथून चढायला गेलात तर एक पाऊल वर आणि अर्धं खाली. पंचविशीतला मुलगासुद्धा धापा टाकतो. थरच्या वाळवंटात जोराचा वारा उन्हाळ्यात नैऋत्येकडून वाहतो, त्यामुळे बहुतेक टेकड्यांची सौम्य बाजू नैऋत्येकडे आणि घसरडी बाजू ईशान्येकडे असते. पण डोळ्यांनी बघून आणि चालून खात्री करा. जीपच्या चाकांनी कित्येक ठिकाणी मूळ आकार मोडलेला असतो.

पाऊल कुठे टाकायचं हेही संध्याकाळीच कळतं. जिथे वाळूवर बारीक लाटा स्पष्ट आहेत तिथे पाय कमी रुततो, जिथे पृष्ठभाग गुळगुळीत आणि सैल दिसतो तिथे घोट्यापर्यंत जातो. मळलेल्या जागी, जिथे शेकडो लोक चालून गेलेत, तिथे चालणं सर्वांत कठीण. कॅम्पपासून टेकडीपर्यंतचं अंतर ठरवलेल्या वाटेनं एकदा चालून मोजा. मोठ्या माणसांना वाळूत नेहमीच्या दुप्पट वेळ लागतो. येताना खुणा लक्षात ठेवा: आकाचं झुडूप (आपली रुई), खिंप नावाच्या झुडपाचा गुंता, एखादी वाळकी खेजडी (आपली शमी). पावलांच्या ठशांवर विसंबू नका, रात्रीत वारा सुटला तर ते पुसले जातात. फोनमध्ये दोन्ही टोकांची जागा खूण करून ठेवा आणि नकाशा आधीच उतरवून घ्या, कारण टेकड्यांमध्ये नेटवर्क कुठे मिळेल, कुठे नाही, याचा भरवसा नसतो.

आजींना न्या. पण माथ्यावर नेण्याचा हट्ट धरू नका. सूर्योदय माथ्यावरूनच दिसतो हा गैरसमज आहे. आग्नेयेकडे मोकळी असलेली एखादी ठेंगणी टेकडी, किंवा मोठ्या टेकडीचा खांदा, जिथे सात-आठ मीटरच चढायचं आहे, तिथेही तेच दिसतं. कॅम्पवर प्लॅस्टिकच्या खुर्च्या असतात. तीन-चार खुर्च्या, एक जाड चादर आणि थर्मास कॅम्पच्या माणसाकडून तिथवर पोचवून घ्या. खुर्चीचे पाय वाळूत एकीकडे खचतात, म्हणून खाली फळी किंवा घडी घातलेलं पोतं ठेवा. चालणं जमत नसेल तर टेकडीच्या पायथ्यापर्यंत जीप किंवा उंटगाडी येऊ शकते, पण ती आदल्या संध्याकाळी सांगून ठेवावी लागते आणि भाडंही तेव्हाच ठरवावं लागतं. उंटवाले जवळपासच्या गावांतून येतात. पहाटे सहाला ऐनवेळी कोणी मिळत नाही.

उंटाच्या पाठीवर आजींना बसवायचं की नाही, हे त्यांच्या कंबर-गुडघ्यांवर आहे, वयावर नाही. उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, त्यामुळे बसलेला माणूस एकदम पुढे फेकला जातो. बसताना तो पुढचे गुडघे आधी टेकतो, तेव्हाही पुढेच झटका बसतो. दोन्ही वेळा मागे रेलायचं आणि खोगिराची मूठ घट्ट धरायची. मणक्याचा त्रास, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा हाडं ठिसूळ असतील तर उंट नको, उंटगाडी घ्या. गाडीत गादी आणि टेकायला लोड मागून घ्या, मिळतो.

हृदयविकार, दमा आणि मधुमेह असलेल्यांशी निघायच्या आधी घरीच बोला, तिथे जाऊन नाही. पहाटेच्या गार हवेत चढण चढणं हृदयाला जड जातं. असं कोणी असेल तर त्यांच्या डॉक्टरांना विचारा आणि त्यांना चढवूच नका. दम्याचा पंप खिशात हवा, सामानात नाही. मधुमेह असणाऱ्यांनी उपाशीपोटी चालू नये. दोन बिस्किटं आणि चहा घेऊनच निघावं. आणि टेकडीवर स्वच्छतागृह नाही, हे सगळ्यांना, विशेषतः बायकांना, स्पष्ट सांगा. बायका न सांगता पाणी पिणं बंद करतात आणि कोरड्या हवेत मग डोकं धरतं. निघण्याआधी वीस मिनिटं हातात असली की हा प्रश्न सुटतो.

थंडीला कमी लेखू नका. नाशिकची थंडी तुम्हाला सवयीची आहे, त्यामुळे तुमचा गट पुणे-मुंबईच्या गटांपेक्षा बरा टिकेल, पण वाळूची थंडी पायातून चढते. डिसेंबर-जानेवारीत जैसलमेरचं किमान तापमान सात-आठ अंशांच्या आसपास असतं, काही रात्री त्याहून बरंच खाली जातं. हवा कोरडी, आकाश मोकळं, त्यामुळे दिवसभर घेतलेली उष्णता जमीन रात्रीत सोडून देते. वाळू उष्णता खोलवर जाऊ देत नाही. फक्त वरचा थर तापतो आणि तोच झपाट्यानं गार होतो. म्हणून संध्याकाळी अनवाणी सुखद वाटणारी वाळू पहाटे तळव्यांना झोंबते. जाड मोजे आणि बंद बूट घाला. वाळू आत जाते म्हणून सँडल घालून येणारे पाच मिनिटांत हुडहुडी भरून परततात. कानटोपी, मफलर, हातमोजे आणि वाऱ्याला अडवणारं एक जाकीट एवढं पुरे. स्वेटरवर स्वेटर घातले तरी वारा आत घुसतोच. कॅम्पवरचं ब्लँकेट अंगावर घेऊन गेलात तरी चालेल, फक्त त्यांना विचारून घ्या आणि परत करताना झटकून द्या.

रात्रीबद्दल थोडं. कॅम्पवर शेकोटीभोवती गाणी आणि नाच असतो. कालबेलिया नाच २०१० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आला, आणि तो नीट बघावा असाच आहे. कलाकारांना मनापासून दाद द्या. पण कार्यक्रमानंतर बहुतेक ठिकाणी मोठ्या आवाजात फिल्मी गाणी लागतात आणि जेवायला दहा वाजतात. बुकिंग करतानाच सांगा: जेवण आठला, आणि तुमच्या गटाचे तंबू स्टेजपासून लांब. तुम्ही शेवटचा आठवडा म्हणता आहात, तर एक विनंती आहे. वाळवंटातली रात्र २५ ते ३१ डिसेंबरच्या सुरुवातीच्या दिवसांत घ्या. तीसला आणि एकतीसला समला प्रचंड गर्दी होते, दर वाढतात, आवाज मध्यरात्रीनंतरही चालू असतो, आणि पहाटे वाळूवर रात्रीचा कचरा दिसतो. कार्यक्रमाचा क्रम उलटा करून जैसलमेर आधी घेता आलं तर घ्या.

आणि कोणावरही जबरदस्ती नको. रात्री जेवताना विचारा, कोण येणार. नाही म्हणणाऱ्याला दुसऱ्यांदा विचारू नका. मनाविरुद्ध आलेली तीन माणसं बाकीच्या एकवीस जणांची पहाट कुरकुरीनं घालवतात. येणाऱ्यांचे दोन भाग करा. सावकाश चालणारे आणि त्यांच्यासोबत दोन तरुण, हे सव्वासहाला निघतील. बाकीचे साडेसहाला. असं केलं की कोणी कोणासाठी उभं राहत नाही, आणि म्हातारी माणसं आपल्यामुळे सगळ्यांना उशीर झाला या संकोचातून सुटतात. गट हाताळताना ही एक गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. ज्येष्ठ माणसं न येण्याचं खरं कारण पुष्कळदा गुडघा नसतो, ते लोढणं होण्याची भीती असते.

म्हणजे सकाळचा हिशेब असा: पावणेसहाला उठणं, सहाला चहा-बिस्किटं, सव्वासहा आणि साडेसहाला दोन तुकड्या बाहेर, पावणेसातला सगळे जागेवर, साडेसातला सूर्य, आणि त्यानंतर किमान अर्धा-पाऊण तास कोणी उठायचं नाही. टेकडी पंधरा मिनिटांहून लांब असेल तर सगळं तितकं अलीकडे ओढा.

आता तिथे काय बघायचं ते सांगते, कारण हे आधी माहीत असेल तर माणसं फोन खाली ठेवतात. पावणेसातला पूर्वेकडे क्षितिजालगत विटकरी पट्टा दिसतो, वर पिवळसर, त्याच्या वर गडद निळं. वाळू या वेळी राखाडी आणि सपाट दिसते. उजेड सगळ्या आकाशातून सारखा येत असतो, सावलीच पडत नाही, म्हणून उंचसखलपणा कळत नाही. आता पाठ फिरवा. हे मी प्रत्येक गटाला सांगते. सूर्योदयाच्या आधी पंधरा-वीस मिनिटं पश्चिमेला, क्षितिजाला टेकलेला निळसर-करडा पट्टा दिसतो आणि त्याच्या वर गुलाबी. तो निळा पट्टा म्हणजे आपल्या पृथ्वीची सावली आहे, वातावरणावर पडलेली. सूर्य वर येत जातो तशी ती खाली सरकते आणि सूर्य उगवताना क्षितिजात मिटून जाते. डोंगर आणि इमारती नसलेल्या, कोरड्या, मोकळ्या जागी ती अगदी स्वच्छ दिसते. आपल्याकडे शहरात ती बघायला क्षितिजच शिल्लक नसतं.

मुक्कामाची तारीख पौर्णिमेच्या जवळ येते का, दिनदर्शिकेत बघा. पौर्णिमेच्या पहाटे पूर्वेला सूर्य उगवत असताना पश्चिमेला पूर्ण चंद्र मावळत असतो. टेकडीच्या माथ्यावर बसलात तर मान वळवून दोन्ही बघता येतात. जैसलमेरचा मरू महोत्सव माघ पौर्णिमेच्या सुमारास असतो. त्यावेळी गर्दी फार, पण पहाट अशीच मिळते. उलट अमावास्या जवळ असेल तर चांदण्या बघायला मुलांना पाच वाजता दहा मिनिटं बाहेर काढा आणि परत झोपवा. मुलांना ते आवडतं, आणि नंतर ती चिडचिड न करता उठतात.

मग सूर्य. आधी सगळ्यांत उंच माथ्याला उजेड लागतो, आणि तो उतारावरून खाली येताना दिसतो. एक टेकडी सोनेरी आणि तिच्या पायथ्याची दरी अजून निळी, असं काही मिनिटं असतं. उगवत्या सूर्याकडेही टक लावून बघत बसू नका, मुलांना तर हे आवर्जून सांगा. बघायचं खाली, पायापाशी आहे. उजेड आडवा आला की इतका वेळ सपाट दिसणाऱ्या वाळूवर हजारो लाटा उमटतात. प्रत्येक लाटेची एक बाजू उजळ, दुसरी काळी. अर्ध्या तासानंतरही सूर्य जेमतेम पाच-सहा अंश वर आलेला असतो आणि तुमची सावली तुमच्या उंचीच्या दहापट लांब पडते. म्हणून सूर्य दिसल्याबरोबर उठून नाश्त्याला पळणं हे मोठं नुकसान आहे. चांगला उजेड आत्ता सुरू झालेला असतो.

तुमच्या ९ वर्षांच्या मुलीला तीन कामं द्या. एक, वाळूच्या लाटेवरून वारा कुठून आला ते ओळखायचं: लाटेची सौम्य बाजू वाऱ्याकडची, तीव्र बाजू पलीकडची. माथ्यावरचे कण चिमटीत घेतले तर खाचेतल्या कणांपेक्षा भरड लागतात, कारण बारीक कण वारा उडवून नेतो. दोन, वरच्या वाळूवर हात ठेवायचा आणि मग वीतभर उकरून आत हात घालायचा. आत उबदार लागतं. कालच्या उन्हाची ऊब तिथे अजून असते. रात्री बिळात राहणाऱ्या जिवांना हीच ऊब मिळते. तीन, रात्रीचे ठसे शोधायचे. काळ्या भुंगेऱ्याची रेघ दोन्ही बाजूंना बारीक टिंबांची असते आणि मध्ये कुठेतरी अचानक संपते, तिथे तो वाळूत शिरलेला असतो. वाळवंटी उंदराच्या उड्या, कोल्ह्याची सरळ रेषेत पडलेली पावलं हेही दिसतं. मात्र हे माणसांनी आणि जीपनं तुडवायच्या आधी, म्हणजे साडेआठच्या आतच. मोठी माणसंही गुडघ्यांवर बसून हे बघायला लागतात, असा माझा अनुभव आहे.

फोटोंचा नियम आधीच घाला. सूर्य उगवायच्या दहा मिनिटं आधीपासून उगवल्यानंतर दहा मिनिटांपर्यंत सामूहिक फोटो नाही, हाका मारणं नाही, स्पीकरवर गाणं नाही. ज्याला स्वतःचा फोटो काढायचा त्यानं बसल्या जागी काढावा. पावणेआठला सगळ्यांचा एकत्र फोटो. तेव्हा उजेड चेहऱ्यावर छान येतो आणि डोळेही कमी दिपतात. फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी लवकर उतरते. मोठा कॅमेरा असेल तर टेकडीवर लेन्स बदलू नका, वाळूचा एक कण आत गेला तरी दुरुस्तीचा खर्च मोठा असतो. ड्रोन नेऊच नका. हा सीमेचा जिल्हा आहे, परवानगीशिवाय उडवलात तर कारवाई होते.

आता सम आणि खुरी. सम जैसलमेरच्या पश्चिमेला सुमारे ४० किलोमीटरवर आहे. सलग उघड्या टेकड्यांचा पट्टा मोठा, कॅम्पची निवड भरपूर, रस्ता चांगला, ज्येष्ठांसाठी न्हाणीघर असलेले तंबू सहज मिळतात. गर्दी आणि आवाज याच कारणानं जास्त. खुरी हे नैऋत्येला, साधारण तेवढ्याच अंतरावरचं गाव. टेकड्या गावाला लागूनच आहेत, मातीच्या झोपड्यांसारख्या खोल्या मिळतात, रात्री शांतता असते, पण सोयी साध्या. तुमच्या गटात २४ माणसं आणि वयाचा इतका फरक आहे, तर मी समच घेईन. फक्त कॅम्प मुख्य टेकड्यांच्या गर्दीपासून दूरचा निवडीन. बुकिंगच्या आधी एकच प्रश्न नेमका विचारा: ‘तंबूतून निघून रस्ता न ओलांडता चालत वाळूवर जाता येतं का, आणि किती मिनिटांत?’ बरेच कॅम्प रस्त्याच्या कडेनं आहेत. जाहिरातीत टेकड्यांचं दृश्य असं लिहिलेलं असतं, आणि टेकड्या दोन किलोमीटरवर असतात. दहा-बारा जणांचा, चालत्या-फिरत्या माणसांचा गट असता तर मी खुरी सांगितलं असतं. आणि कोणाला जैसलमेरपर्यंतचा प्रवासच झेपणार नसेल, तर जोधपूरहून सुमारे ६५ किलोमीटरवरच्या ओसियाँला टेकड्या आहेत. पट्टा लहान, पण सूर्योदयाला पुरेसा, आणि तिथली जुनी मंदिरं बघण्यासारखी आहेत.

सकाळी जीपची धडाकेबाज सफर घेऊ नका. कॅम्पवाले ‘सूर्योदय जीप सफारी’ म्हणून विकतात. ती उड्या मारत टेकड्यांवरून जाते, मणक्याला वाईट, इंजिनाचा आवाज सगळीकडे भरतो, आणि ज्या लाटा आणि ठसे बघायला तुम्ही आलात तेच चाकाखाली जातात. जीप घ्यायचीच तर पायथ्यापर्यंत, ठरल्या वाटेनं, हळू. समच्या परिसरात १९८०-८१ च्या सुमारास घोषित झालेलं राष्ट्रीय मरू उद्यान आहे, माळढोकाच्या शेवटच्या आसऱ्यांपैकी एक. आपल्या सोलापूरच्या माळावर हा पक्षी दिसणं जवळजवळ संपलं, ते आपण डोळ्यांसमोर बघितलं आहे. म्हणून तिथल्या सेवण गवतात गाड्या घालायला चालक तयार असला तरी आपण नाही म्हणायचं. चहाला घरून स्टीलचे पेले न्या. कागदी कपांना आतून प्लॅस्टिक असतं, आणि वाळूत पुरलेलं वारा पुन्हा उघडं करतो.

शेवटचं काम तुमच्या टूरवाल्यांकडे. दुसऱ्या दिवशी त्यांनी तनोट मातेचं देऊळ आणि लोंगेवालाची जुनी रणभूमी, ही सीमेकडची दोन ठिकाणं ठेवली असणार, आणि म्हणूनच आठला नाश्ता, साडेआठला गाडी असं लिहिलेलं असणार. सूर्योदय ‘नको’ म्हणण्याचं खरं कारण तेच आहे. जैसलमेरहून तनोट सुमारे १२० किलोमीटर आहे आणि रस्ता मोकळा आहे. पावणेदहाला निघालात तरी दुपारपर्यंत आरामात पोचता, आणि अंधार पडायच्या आत परतता येतं, कारण तिथे सूर्य मावळतोही उशिरा, जवळजवळ सहाला. त्यांना लेखी कळवा: नाश्ता नऊला, गाडी पावणेदहाला, पहाटे सहाला चहा, सोबतीला एक माणूस, उंटगाडी एक. या पाचही गोष्टींचं उत्तर लेखी आल्याशिवाय उरलेले पैसे भरू नका.